लक्ष्याच्या मागे काय आहे?

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील मुलामुलींसाठी साहस व नेमबाजी प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा विचार सुरू आहे. त्यासाठी जागा कशी निवडावी, या विषयावर बदलापूर येथे निवृत्त सैनिक, पालक आणि क्रीडाप्रेमी नागरिकांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आपल्या समितीने गेल्या काही महिन्यांत पुष्कळ पायपीट केली आहे. तिला एक जागा पसंतही पडली आहे. समोर उल्हास नदी, मध्ये सपाट माळ, मागे टेकडी, आणि भाव आपल्या आवाक्यातला. पुढील आठवड्यात इसार द्यायचा आहे, असे कळते. त्यापूर्वी एकदा माझे मत ऐकावे, म्हणून आपण मला बोलाविलेत. मी आयुष्यभर शाळेत शिकविले आणि राष्ट्रीय छात्रसेनेचे काम केले. मुलांना घेऊन या डोंगरांत हिंडलो. त्या अनुभवाच्या आधारावर प्रारंभीच सांगतो की, हा इसार देऊ नये. का देऊ नये आणि मग काय करावे, हे मांडण्यासाठीच मी उभा आहे.

संकल्पाविषयी दुमत नाही. आपल्या घरातील मुलगा सकाळी लोकलने जातो, रात्री लोकलने येतो. चंदेरीचा सुळका त्याला खिडकीतून दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी कोणते गाव आहे, हे त्याला सांगता येत नाही. दोरखंडाची गाठ, होकायंत्र, नकाशा, प्रथमोपचार, रात्रीच्या अंधारात न घाबरता चालणे, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. नेमबाजीचेही तसेच आहे. अंजली भागवत यांची नेमबाजी छात्रसेनेतून सुरू झाली आणि मुंबईतील वरळीच्या रेंजवर घडली. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळविले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक आणले. ही सामान्य मराठी घरांतील मुले आहेत. आपल्याही मुलांच्या वाट्याला ही शिस्त आणि ही एकाग्रता यावी, यात गैर ते काय?

प्रश्न आहे तो जागेचा.

खडकवासल्याचा धडा

प्रशिक्षणाची जागा विचारपूर्वक कशी निवडतात, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर देशासाठी एक संयुक्त सैनिकी प्रबोधिनी उभारावी, असे ठरले. फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. जागा म्हणून खडकवासला निश्चित झाले. तत्कालीन मुंबई राज्याने मोठा भूभाग देऊ केला होता. ८०२२ एकर देऊ केलेल्या जमिनीपैकी ७०१५ एकरांवर प्रबोधिनी वसली. परंतु केवळ जमीन मिळाली म्हणून खडकवासला निवडले गेले नाही. तेथे जलाशय होता, म्हणजे नौदलाच्या छात्रांना पाणी मिळाले. सभोवती डोंगर होते, म्हणजे पायदळाच्या शिक्षणाला भूमी मिळाली. लोहगावचा विमानतळ जवळ होता. जलाशयाच्या उत्तर काठावर महायुद्धकाळातील जुने संयुक्त प्रशिक्षण केंद्र होते. हवा आरोग्यदायी होती. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन झाले.

अशीच गोष्ट नाशिकची. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी विद्यालय सुरू केले. ते स्वतः नागपूरचे. तरीही विद्यालय नाशकात झाले. नाशिकची हवा चांगली, देवळालीची छावणी शेजारी आणि मुंबईचा लोहमार्ग हाताशी. संस्था जेथे रुजायची तेथे ती लावावी लागते. चालकांच्या सोयीची जागा ही विद्यार्थ्यांच्या सोयीची असेलच असे नाही.

या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. आधी काय शिकवायचे हे ठरले आणि मग त्या शिक्षणाला लागणारी भूमी शोधली गेली. आपण मात्र आधी माळ पाहिला आणि आता त्यावर काय काय बसविता येईल, याची यादी करीत आहोत. हा उलटा क्रम आहे.

मोळी घेतलेली मुलगी

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण दोष माझा होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिबिरात पॉइंट टू-टू रायफलच्या सरावासाठी मी जागा पाहिली होती. समोर टेकाड, त्याच्या पोटाशी मातीचा बांध, दोन्ही अंगांना मोकळे रान. मी सकाळी एकदा फेरी मारली. चिटपाखरूही दिसले नाही. लाल निशाण लावले, मुले आडवी झाली, हवालदाराने हुकूम देण्यासाठी तोंड उघडले आणि त्याच क्षणी टेकाडाच्या माथ्यावर डोक्यावर मोळी घेतलेली दहा-बारा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. हवालदाराची नजर आणि शिटी माझ्याहून चपळ होती. रायफली रिकाम्या झाल्या, काही घडले नाही. मी टेकाडापलीकडे गेलो तेव्हा पाहिले की, तेथे पाच-सहा घरांची ठाकरांची वाडी होती. ती पाऊलवाट त्यांची रोजची होती. मी टेकाड पुढून पाहिले होते, मागून पाहिलेच नव्हते.

त्या दिवसापासून एक वाक्य मी प्रत्येक मुलाला पाठ करायला लावले. बंदूक उचलण्यापूर्वी लक्ष्याकडे नव्हे, लक्ष्याच्या मागे पाहा. पॉइंट टू-टू ही सर्वांत लहान रायफल समजली जाते. तिची गोळी चुकून वर गेली तर दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. आता आपल्या पसंतीच्या जागेवर उभे राहा आणि टेकडीमागे दीड किलोमीटर मोजा. वीटभट्टी आहे, वाडी आहे, फार्महाऊस आहेत, पावसाळ्यात धबधब्याकडे जाणाऱ्या पर्यटकांची वाट आहे. कल्याणपासून वांगणीपर्यंत या पट्ट्यात दीड किलोमीटर निर्मनुष्य अंतर आता उरलेले नाही. वीस वर्षांनी तर मुळीच उरणार नाही.

कोणी म्हणेल, बांध उंच घालू. बांध घालणे हे शास्त्र आहे. आपले डोंगर काळ्या पाषाणाचे. दगडावर आपटलेली गोळी उसळून कोठे जाईल, ते सांगता येत नाही. म्हणून बांधाची माती दगडविरहित हवी. आपल्या भागातील मुसळधार पावसात मातीचा बांध दरवर्षी खचतो, तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. नेमबाजाच्या डोळ्यांत ऊन येऊ नये म्हणून उघड्या रेंजचे तोंड आपल्या देशात शक्यतो उत्तरेस ठेवतात. आपल्या माळावर उत्तरेला नदी आणि पलीकडे वस्ती आहे. शिवाय गोळी शिशाची असते. वर्षानुवर्षे बांधात साठलेले शिसे पावसाच्या पाण्याबरोबर झिरपते. उल्हास आणि बारवी यांच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील लाखो लोकांची तहान भागते. त्या पाण्याच्या काठी शिशाचा साठा करणे हे कोणत्या समाजकार्यात बसते?

सातबाऱ्याच्या मागे कोण आहे?

दुसरी गोष्ट जमिनीची. आपण ज्या परिसरात बसलो आहोत, त्याचा इतिहासच जागेच्या निवडीचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला मोठी छावणी हवी होती. कल्याण हे लोहमार्गाचे जंक्शन आणि शेजारी विस्तीर्ण माळ, म्हणून येथे कल्याण कॅम्प उभा राहिला. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली लाखाच्या घरातील माणसे त्याच बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. उल्हासनगरकर आजही आपला पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात. सैन्याने तात्पुरती म्हणून निवडलेली जागा एका उद्ध्वस्त समाजाचे कायमचे घर झाली. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला दारूगोळ्याच्या सामग्रीचा कारखाना उभा राहिला आणि त्याने या गावाच्या दोन-तीन पिढ्यांना रोजगार व शिस्त दिली.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू नेवाळीत आहे. महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी नेवाळी परिसरातील शेतजमिनी विमानाच्या धावपट्टीसाठी घेतल्या. युद्ध संपले, धावपट्टी ओस पडली, शेतकरी त्या जमिनी पुन्हा कसू लागले. कागद मात्र संरक्षण खात्याच्या नावेच राहिले. पुढे नौदलाने कुंपणाची भिंत घालण्यास सुरुवात केली तेव्हा २२ जून २०१७ रोजी असंतोषाचा भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांची वाहने जळली, शेतकरीही जखमी झाले आणि पोलीसही. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. देशाच्या संरक्षणाची गरजही कोणी नाकारणार नाही. परंतु जमीन घेताना तिच्यावर कोण जगत आहे हा प्रश्न अनुत्तरित राहिला, तर सात दशकांनंतरही तो उत्तर मागतो, हे नेवाळीने दाखविले.

म्हणून आपल्या माळाचा सातबारा मी पाहिला. मालकाचे नाव पाहून थांबलो नाही, इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार वाचले. त्यात एका टप्प्यावर आदिवासी खातेदाराचे नाव येते आणि पुढे ते नाहीसे होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती परवानगी फेरफारात मला आढळली नाही. कदाचित ती असेलही; पण ती हाती येईपर्यंत आपण एक रुपयाही देता कामा नये. वनवासी बांधवांविषयी आपण सभांतून आत्मीयतेने बोलतो. त्यांच्या हातून निसटलेल्या जमिनीवर आपल्या मुलांना चारित्र्याचे धडे देणार असू, तर तो धडा मुले बरोबर ओळखतील.

टेकडीच्या माथ्यापासून वनखात्याची हद्द सुरू होते. पलीकडे माथेरान परिसर आहे, जो २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. त्याची रेषा कोठून जाते, हे दलालाच्या तोंडून न ऐकता सरकारी नकाशावर पाहावे. गुरचरण स्वस्तात मिळवून देतो, असे सांगणारेही भेटतील. सार्वजनिक गायरानांवरील अतिक्रमणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. त्या वाटेला जाऊच नये.

नदी आपली जागा विसरत नाही

तिसरी गोष्ट पाण्याची. २००४ च्या हिवाळ्यात मी स्वतः उल्हासच्या काठी एक तुकडा शिबिरांसाठी पसंत केला होता. मधोमध एक जुने आंब्याचे झाड होते. मित्रांना उत्साहाने घेऊन गेलो. सौदा पैशांअभावी राहिला. २६ जुलै २००५ नंतर पाणी ओसरल्यावर मी तेथे गेलो. त्या आंब्याच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या वर, कोणाच्या तरी घराचा पत्रा अडकलेला होता.

एखाद्याला वाटेल की तसा पाऊस शतकातून एकदाच येतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते. त्यांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक ग्रामस्थ यांनी बाहेर काढले. हे आपल्या माळापासून किती लांब आहे, ते आपणच पाहा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. समितीच्या यादीत जमिनीचा भाव आहे, रस्त्याची रुंदी आहे, विजेचा खांब आहे. या दोन रेषांचा उल्लेख नाही. नदी उन्हाळ्यात आखडते म्हणून तिने जागा सोडली, असे नव्हे.

मग काय करावे?

केवळ नकार देऊन मी खाली बसणार नाही. माझे म्हणणे असे की, हे केंद्र एका जागी करण्याचा आग्रहच सोडावा. आपल्याला तीन प्रकारचे शिक्षण द्यायचे आहे आणि त्या तिघांना तीन वेगळ्या भूमी लागतात.

पहिले, एअर रायफल आणि एअर पिस्तूल. यासाठी रान लागत नाही. दहा मीटरचा पल्ला बंदिस्त सभागृहात बसतो. तेव्हा ते स्टेशनपासून चालत जाता येईल असे असावे. उल्हासनगरची मुलगी शिकवणी संपवून तेथे यावी आणि आठ वाजता घरी पोहोचावी. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपायला लागणारा श्वास आणि संयम माळावर शिकविला काय आणि सभागृहात शिकविला काय, सारखाच. एखाद्या शाळेचे वापरात नसलेले सभागृह आपल्याला भाड्याने मिळू शकेल. त्या सभागृहाच्याही भिंतीमागे काय आहे, हे आधी पाहावे.

दुसरे, पॉइंट टू-टू आणि त्यापुढील बंदुका. यासाठी आपण स्वतः रेंज बांधू नये. जी मुले एअर रायफलमध्ये दोन-तीन वर्षे टिकतील, त्यांना मान्यताप्राप्त रेंजवर पाठवावे. सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये आपल्या शेजारीच, पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. पुण्याला बालेवाडीची क्रीडानगरी आहे. जमिनीसाठी गोळा झालेल्या निधीतून दहा होतकरू मुलांचा प्रवास, गोळ्या आणि प्रशिक्षकाचे मानधन कित्येक वर्षे भागेल. शस्त्र कायदा १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे आहेत. रायफल क्लबला, रेंजला, शस्त्राला परवाना लागतो. एकवीस वर्षांखालील मुलाला बंदुकीचा परवाना मिळत नाही. देखरेखीखालील प्रशिक्षणापुरतीच कायद्याने वाट ठेवली आहे. त्या वाटेच्या एक पाऊलही बाहेर आपण जाणार नाही. ज्या सरावाची माहिती पोलीस ठाण्याला नाही, असा एकही सराव आपल्या नावावर होता कामा नये. ज्याला कोणाला धाक दाखविण्यासाठी बंदूक हवी आहे, त्याला पहिल्याच दिवशी नमस्कार करून घरी पाठवावे. शस्त्र आणि राग एका हातात राहिले की शिस्त संपते.

तिसरे, साहसाचे शिक्षण. याला मात्र मोकळे आकाश हवे. चंदेरी, मलंगगड, कोंडेश्वराचा परिसर ही आपली उघडी पाठशाळा. येथे जमीन विकत घेण्याची आवश्यकताच नाही. एखाद्या गावाशी, एखाद्या वाडीशी करार करावा. तंबूची जागा त्यांची, स्वयंपाक त्यांच्या घरचा, वाटाड्या त्यांचा मुलगा. मोबदला रोख आणि वेळेवर. साहसी उपक्रमांविषयी राज्य शासनाचे २०२१ चे धोरण आहे, त्यानुसार नोंदणी करावी. जागा ठरविताना चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. जुलै महिन्यात रुग्णवाहिका तेथपर्यंत येते का? सर्पदंशावरील लस असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? मोबाईलला संपर्क मिळतो का? आणि अंधारात, पावसात मुलांना बाहेर काढण्याची दुसरी वाट कोणती? कोंडेश्वराच्या डोहात पावसाळ्यात अनेक तरुणांचे जीव गेले आहेत. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर ती जागा कितीही रमणीय असो, तिला रामराम.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या मालकीचे, कमानीवर नाव कोरलेले केंद्र हवे होते, हे मी जाणतो. ज्येष्ठांनी निवृत्तीच्या पैशांतून देणग्या दिल्या आहेत. त्यांना दगडविटांचे काही दिसावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु कमानीसाठी मुले नसतात. आपण उद्या त्या माळावर जाणार आहात, असे अध्यक्षांनी सांगितले. अवश्य जा. फक्त यावेळी नदीकाठी उभे राहून फोटो काढू नका. टेकडी चढा, पलीकडे उतरा, त्या वाडीत बसा, पाणी मागा आणि विचारा की, या वाटेने रोज कोण येते-जाते. तेथून परत आल्यावरही इसार द्यावा असे आपणांस वाटले, तर मी माझे शब्द मागे घेईन.

मला खात्री आहे, तसे वाटणार नाही. त्या टेकाडावर मोळी घेऊन उभी राहिलेली मुलगी आज चाळिशी ओलांडलेली असेल. कदाचित तिची नात-नातवंडे याच शहरांच्या शाळांत शिकत असतील. आपल्या केंद्रात पहिला प्रवेश अशा घरातील मुलीला मिळावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवितो.